वर्दीनंतरची वीस मिनिटे

लहान शहरासाठी अग्निशमन केंद्र मंजूर करायचे ठरले की चर्चा बहुधा दोन गोष्टींभोवती फिरते : गाडी कोणती घ्यायची आणि ती उभी करण्यासाठी इमारत कोठे बांधायची. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यांचे उद्घाटन करता येते आणि दोन्हींसाठी एकरकमी निधी मिळू शकतो. त्यामुळे गाडी आणि इमारत झाली की केंद्र झाले, अशी समजूत प्रशासनाच्या आणि नागरिकांच्याही मनात सहज रुजते. प्रत्यक्षात अग्निशमन केंद्र म्हणजे त्या परिसराला दिलेली वेळेची हमी असते. आग लागल्याची खबर, म्हणजे अग्निशमन दलाच्या भाषेत ‘वर्दी’, मिळाल्यापासून किती मिनिटांत प्रशिक्षित माणसे पुरेशा पाण्यासह आगीसमोर उभी राहतील, या एका प्रश्नाच्या उत्तरातून जागा, माणसे, पाणी, गाडी आणि इमारत यांविषयीचे निर्णय निघायला हवेत, आणि तेही याच क्रमाने. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव या विचाराची कसोटी पाहण्यास विशेष योग्य आहे, कारण मोठ्या शहरांसाठी तयार झालेले नकाशे आणि निकष तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत आणि नियोजनकाराला मुळापासून विचार करणे भाग पडते.

ढाणकी ही नगरपंचायत आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यानुसार नगरपंचायत म्हणजे ग्रामीण रूप सोडून शहरी रूप घेऊ लागलेल्या, म्हणजे संक्रमणावस्थेतील, क्षेत्राची स्थानिक संस्था. ढाणकीचे स्थान पाहिले तर हे संक्रमण स्पष्ट दिसते. एका बाजूला सुमारे वीस किलोमीटरवर उमरखेड हे तालुक्याचे गाव आणि नांदेड-नागपूर रस्त्याची वर्दळ, दक्षिणेला विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली सीमा होऊन वाहणारी पैनगंगा, नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, आणि दुसऱ्या बाजूला बिटरगावकडे पसरलेला, पैनगंगा अभयारण्याच्या सागवानी जंगलाला लागून असलेला ‘बंदी भाग’. या भागातील वाड्या-तांड्यांची बाजारपेठ, दवाखाना, शाळा आणि बँक म्हणजे ढाणकी. नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसांचे व्यवहार या गावावर अवलंबून असतात, आणि अग्निशमन केंद्राच्या नियोजनात हीच वस्तुस्थिती सर्वांत आधी नोंदली पाहिजे.

कायदा मात्र हद्दीच्या भाषेत बोलतो. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात जी बारावी अनुसूची जोडली तिच्यात अग्निशमन सेवा हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याजोग्या कामांत सातव्या क्रमांकावर आहे, आणि १९६५ च्या अधिनियमानेही आग विझवणे व आगीच्या वेळी जीवित-मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदांचे कर्तव्य मानले आहे. ग्रामपंचायतींच्या वाट्याला अशी संघटित सेवा आलेली नाही. त्यामुळे ज्या दिवशी एखादे गाव नगरपंचायत होते त्या दिवशी त्याच्या हद्दीतील घराला अग्निशमन सेवेचा हक्क मिळतो आणि हद्दीबाहेर दोन किलोमीटरवर असलेल्या तांड्यातील घर त्या हक्काविना राहते, जरी दोन्ही घरांत तोच कापूस साठवलेला असला आणि दोन्ही घरांवरून त्याच विजेच्या तारा गेलेल्या असल्या. ढाणकीचे केंद्र केवळ नगरपंचायतीचे म्हणून आखले तर ते आकाराने लहान आणि खर्चाच्या हिशेबात न परवडणारे ठरेल; परिसराचे म्हणून आखले तर त्याची गरजही पटते आणि त्याचा खर्च कोणाकोणात वाटायचा हेही ठरवता येते. या लेखातील पुढची सर्व मांडणी या भूमिकेवर उभी आहे.

भारतात अग्निशमनाविषयी केंद्र सरकारला सल्ला देण्यासाठी १९५५ साली स्थापन झालेल्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने प्रतिसादकाळाचे निकष सुचवले आहेत. प्रतिसादकाळ म्हणजे वर्दी मिळाल्यापासून पहिली गाडी घटनास्थळी पोहोचेपर्यंतचा अवधी. शहरी भागासाठी हा अवधी पाच ते सात मिनिटांचा आणि ग्रामीण भागासाठी वीस मिनिटांचा असावा, असे हे निकष सांगतात. आता साधा हिशेब मांडून पाहावा. पाण्याने भरलेली जड गाडी तालुक्याच्या रस्त्यावर सरासरी ताशी चाळीस किलोमीटरने धावते असे धरले, तर वीस किलोमीटरसाठी अर्धा तास लागतो, आणि त्यात फोन लागेपर्यंतची, माणसे गोळा होऊन गाडी सुरू होईपर्यंतची आणि गावात शिरल्यावर नेमके घर सापडेपर्यंतची मिनिटे धरलेलीच नाहीत. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचे दल कितीही तत्पर असले, तरी ढाणकीला ग्रामीण निकषही तेथून पाळता येत नाही, आणि ढाणकीच्या पलीकडच्या वाड्यांच्या बाबतीत तर तो विचारही करता येत नाही. दोष तेथे काम करणाऱ्या माणसांचा मुळीच नसतो. अंतर त्यांच्या तत्परतेला दाद देत नाही.

ही मिनिटे इतकी निर्णायक का असतात, हे आगीच्या वाढीच्या रीतीवरून समजते. बंद खोलीत लागलेली आग आरंभी एका वस्तूपुरती असते. तिचा धूर आणि उष्ण वायू छताखाली साचत जातात, त्या थराची उष्णता खालच्या वस्तूंवर उतरते, आणि एका टप्प्यावर खोलीतील बहुतेक सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. या टप्प्याला अग्निशास्त्रात ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात आणि आजच्या घरांत, जेथे फोमच्या गाद्या व प्लास्टिकचे सामान भरपूर असते, तो काही मिनिटांतच येऊ शकतो. त्याआधी एक बादली, एक वाळूचे घमेले किंवा एक नळी आग आटोक्यात आणू शकते. त्यानंतर त्या खोलीतील माणूस वाचण्याची शक्यता जवळजवळ संपते आणि दलाचे काम शेजारची घरे वाचवण्यापुरते उरते. म्हणूनच वीस मिनिटांनी आलेली मोठी गाडी आणि सहा मिनिटांनी आलेली लहान गाडी यांत निवड करायची वेळ आली, तर वस्तीसाठी लहान गाडीच मोलाची ठरते.

ढाणकी परिसरातील आगीला आणखी एक स्वभाव आहे आणि तो कापसाने दिलेला आहे. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दसऱ्या-दिवाळीपासून वेचणी सुरू होते आणि भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस विक्रीस न काढता घरातच भरून ठेवतात. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला कापूस, त्याच भिंतीवरून ढिगाला टेकत गेलेली जुनी वायर, आडव्या लाकडी दांड्याला लटकवलेला होल्डर आणि पलीकडच्या खोलीत १४.२ किलोचे गॅस सिलिंडर, हे चित्र या भागात हिवाळ्याचे कितीतरी आठवडे घरोघरी दिसते. सुटा कापूस पेटला की ज्वाला त्याच्या पृष्ठभागावरून डोळ्यांदेखत सरकते, कारण प्रत्येक तंतूभोवती हवा असते. आणि वरची ज्वाला विझली असे वाटल्यावरही ढिगाच्या पोटात निखारा धुमसत राहतो. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसापासून सरकी वेगळी करून रुई काढण्याच्या कारखान्यात, कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्राच्या रोलरवर आदळून ठिणगी उडते, ती रुईबरोबर पुढे सरकते, आणि दाबून बांधलेल्या गाठीच्या आत लपून बऱ्याच वेळाने गोदामात बाहेर पडू शकते.

कापसाची आग किती फसवी असते याचे सर्वांत भीषण उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्र लादलेल्या होत्या. दुपारी धूर दिसला तो कापसाच्या गाठींतून, दलाने तासन्‌तास पाणी मारूनही गाठींच्या पोटातली आग हाती लागली नाही, आणि चारच्या सुमारास पहिला महास्फोट झाला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या घटनेतील स्फोटके ढाणकीत नसतील, पण गाठीच्या आत दडणाऱ्या निखाऱ्याचे शास्त्र तेच आहे. कापसावर नळीचा जोरदार झोत मारला तर पेटलेले पुंजके उडून आग पसरते, आणि साधे पाणी दाबलेल्या रुईत आत झिरपत नाही. त्यासाठी धुक्यासारखी बारीक फवारणी, पाण्याचा पृष्ठताण कमी करून ते आत मुरवणारे द्रव्य, गाठी फोडण्यासाठी आकड्या आणि लांब दांड्याचे दाताळे, आणि ढीग उपसून मोकळ्या जागेत पसरण्याइतकी माणसे लागतात. नव्या केंद्राच्या साहित्याची यादी दुसऱ्या शहराच्या यादीवरून उतरवून न घेता या कामावरून तयार झाली पाहिजे.

उन्हाळ्यात आगीचे ठिकाण बदलते. मार्च सरताना कापूस बहुधा घराबाहेर पडलेला असतो, पण घराशेजारी पऱ्हाटीचे ढीग, गोठ्यात कुटार आणि कडब्याच्या गंज्या असतात. पारा पंचेचाळीसकडे जात असतो, आणि पेरणीपूर्वी धुरे पेटवण्याची, म्हणजे शेताच्या बांधावरचे गवत जाळून टाकण्याची, रीत अनेक ठिकाणी चालू असते. एका धुऱ्यावरून निघालेली आग वाऱ्याबरोबर शेजारच्या गोठ्यावर जाते आणि दावणीला बांधलेली जनावरे सुटू शकत नाहीत. पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या ऊस पट्ट्यात लोंबणाऱ्या तारा एकमेकींना लागून फड पेटण्याचा धोका असतो, तर अभयारण्याच्या बाजूला मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळताना जंगलाला आग लागू शकते. वनखाते दरवर्षी जाळरेषा आखते, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून टाकलेले पट्टे तयार करते. पण वनखात्याचा अग्निरक्षक आणि ढाणकीचा फायरमन यांना एकमेकांचे फोन क्रमांकही माहीत नसतील, तर जाळरेषेच्या अलीकडची वस्ती दोघांच्याही जबाबदारीतून निसटते.

या सर्वांचा पहिला परिणाम जागेच्या निवडीवर व्हायला हवा. लहान गावांत सरकारी इमारतीची जागा बहुधा मोकळी सरकारी जमीन कोठे आहे यावरून ठरते, आणि ती गावापासून दूर, एखाद्या गायरानाच्या टोकाला सापडते. जमिनीची किंमत वाचते, परंतु प्रत्येक वर्दीला दोन-तीन मिनिटे जातात आणि ती पुढची कित्येक वर्षे जात राहतात. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे नगरपंचायतीच्या कार्यालयाशेजारी, बाजाराच्या गर्दीत केंद्र उभारणे. आठवडी बाजाराच्या दिवशी तेथून गाडी बाहेर काढणेच अवघड होते. ढाणकीसाठी योग्य जागा गावठाणाच्या कडेला, उमरखेडकडचा आणि बिटरगावकडचा रस्ता यांना बाजारातून न जाता गाठता येईल अशी असावी, तिला शक्यतो दोन बाजूंनी रस्ता असावा, आणि नाल्याला पूर आला तरी तिच्या तोंडाशी पाणी येता कामा नये. ही जागा नकाशावर बसून ठरवू नये. पाण्याने भरलेला ट्रॅक्टर-टँकर घेऊन सकाळी, बाजाराच्या दिवशी आणि भर पावसात प्रत्येक संभाव्य जागेवरून निघून गावाच्या चारही टोकांना आणि जवळच्या वाड्यांना पोहोचायला किती वेळ लागतो याची नोंद करावी. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही आणि तिच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

जागेनंतर माणसे, आणि खरा पेच येथेच आहे. एका गाडीवर एक चालक, एक प्रमुख फायरमन आणि चार फायरमन असे सहा जण धरले, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांसाठी अठरा जण लागतात, आणि साप्ताहिक सुटी, रजा व आजारपण यांसाठी चौथा हिस्सा वाढवला की संख्या बाविसाच्या पुढे जाते. नगरपंचायतीच्या उत्पन्नातून एवढे पगार निघणे कठीण. परिणामी जो मार्ग सोपा वाटतो तो असा, की गाडी घ्यायची, कंत्राटावर एक-दोन चालक नेमायचे आणि वर्दी आली की सफाई किंवा पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांना सोबत घ्यायचे. अशी व्यवस्था माणसांच्या जिवाशी खेळते. धुराने भरलेल्या खोलीत शिरण्याचे प्रशिक्षण नसलेला माणूस दुसऱ्याला वाचवण्याऐवजी स्वतःच अडकतो.

जगातील अनेक देशांनी या पेचावर मिश्र दलाचा तोडगा काढला आहे. जर्मनीत अग्निशमन दलातील बहुसंख्य जवान स्वयंसेवक आहेत, फ्रान्समध्येही स्वयंसेवकांचे प्रमाण पगारी जवानांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि चिलीमध्ये १८५१ साली वालपराइसो शहरात सुरू झालेली स्वयंसेवी दलांची परंपरा आजही तो संपूर्ण देश सांभाळते. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही : डिसेंबर १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात स्थापन झालेले होमगार्ड दल याच तत्त्वावर चालते, म्हणजे आपापला व्यवसाय सांभाळणारे नागरिक प्रशिक्षण घेतात, गरज पडेल तेव्हा कामावर येतात आणि त्या दिवसांचा भत्ता घेतात. ढाणकीसाठी प्रत्येक पाळीत दोन कायम, पूर्ण प्रशिक्षित माणसे, एक चालक आणि एक प्रमुख फायरमन, आणि त्यांच्या जोडीला केंद्रापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरात राहणारे पंचवीस-तीस प्रशिक्षित तरुण-तरुणी, अशी रचना परवडणारीही आहे आणि वेळेच्या दृष्टीने सरसही आहे. ‘स्वयंसेवक’ या नावाखाली फुकट श्रम घेतले तर मात्र ती वर्षभरात कोसळेल. प्रत्येक वर्दीचा आणि प्रत्येक सरावाचा ठरलेला भत्ता, विमा, जखमी झाल्यास उपचारांची लेखी हमी आणि कायम भरतीत अनुभवाचे गुण, एवढे दिले तरच ढाणकीचा तरुण पुण्या-मुंबईला कामाला जाण्याऐवजी या कामाशी बांधून घेईल. प्रशिक्षणाचीही वानवा नाही. अग्निशमनाचे शिक्षण देणारे देशाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५० च्या दशकापासून विदर्भातच, नागपूरला आहे, आणि राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. विदर्भाच्या लहान गावांना या शेजाराचा आजवर पुरेसा लाभ व्हायला हवा होता.

पाण्याचा प्रश्न माणसांच्या प्रश्नाइतकाच कठीण आहे, आणि तो बहुधा गाडी आल्यावर आठवतो. नेहमीच्या बंबात सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी मारले तर ते दहा मिनिटांत संपते, दोन नळ्या चालवल्या तर पाच मिनिटांत. त्यानंतर गाडी पाणी आणायला जाते आणि आग पुन्हा वाढते. गाडी भरण्यासाठी मिनिटाला १५० लिटर देणाऱ्या बोअरवेलचा पंप वापरला, तर अर्धा तास नुसता भरण्यात जातो. त्याऐवजी उंचावरच्या टाकीला शंभर मिलिमीटर व्यासाचा स्वतंत्र नळ आणि मोठा व्हॉल्व्ह बसवला, तर तीच गाडी काही मिनिटांत भरते. एवढी एक तरतूद नकाशात लिहिली गेली तर केंद्राची क्षमता व्यवहारात कितीतरी पटींनी वाढते. केंद्राच्या आवारात केवळ आगीसाठी राखीव अशी टाकी असावी आणि टंचाईच्या काळातही तिच्यातले पाणी दुसऱ्या कामाला वापरण्याची मुभा कोणालाही नसावी. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र कोरडे पडते आणि इसापूर धरणातून पाणी सोडण्याची मागणी नदीकाठची गावे करतात, त्या काळात हा नियम पाळणे सोपे नाही, पण आगीचा हंगामही नेमका तोच असतो.

शेतातील विहिरींवर विसंबण्यालाही भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. बंबावरचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधाराने, त्यामुळे सिद्धांतात जेमतेम दहा मीटर आणि व्यवहारात सुमारे सात मीटर खोलीपर्यंतचेच पाणी तो उचलू शकतो. एप्रिल-मेमध्ये या भागातील कितीतरी विहिरींची पातळी त्याहून खाली गेलेली असते, आणि काठावर उभा असलेला बंब विहिरीत पाणी दिसत असूनही कोरडाच राहतो. याला उत्तर शेतकऱ्याकडेच आहे. त्याच्या विहिरीत पाणबुडी मोटार असते, दारात ट्रॅक्टर असतो, अनेकांकडे टँकरही असतो. अडचण एवढीच, की शेतीच्या पाइपचे तोंड आणि अग्निशमनाच्या नळीची ६३ मिलिमीटरची प्रमाणित जोडणी एकमेकांत बसत नाहीत. दोन्हींना जोडणारे तुकडे तयार करून परिसरातील प्रत्येक गावात दोन-चार ठेवले, बारमाही पाण्याच्या विहिरी व शेततळी यांची गावनिहाय यादी केली, आणि टँकर-मालकांशी वर्दीच्या दराचा आधीच करार केला, तर ढाणकीच्या एका बंबामागे पाण्याची साखळी उभी राहते. वीजपुरवठा आधी बंद करायचा असल्याने महावितरणच्या लाइनमनचा क्रमांकही याच यादीच्या पहिल्या ओळीत हवा.

गाडीविषयी फारसे बोलण्याची गरज नाही. गावठाणातील बोळांत शिरू शकणारी लहान गाडी आधी घ्यावी आणि मोठा बंब नंतर. दोन्ही एकदम मिळत असतील तर उत्तमच.

इमारतीकडे वळताना वास्तुकलेच्या इतिहासातील दोन अग्निशमन केंद्रे आठवणे उपयोगी ठरेल. जर्मनीतील वाइल आम राइन येथे व्हिट्रा या फर्निचर कंपनीचा कारखाना १९८१ च्या आगीत जळाल्यानंतर झाहा हदीद यांच्या आराखड्यानुसार १९९३ साली तेथे बांधलेले केंद्र जगभर गाजले, परंतु अग्निशमन केंद्र म्हणून त्याचा वापर अल्पकाळच झाला आणि पुढे ते प्रदर्शनांसाठी वापरले जाऊ लागले. अमेरिकेतील कोलंबस या लहान शहरात रॉबर्ट व्हेंच्युरी यांनी १९६० च्या दशकात उभारलेले चौथ्या क्रमांकाचे केंद्र साध्या विटांचे आहे. गाड्यांची जागा, माणसांची जागा आणि मधोमध नळ्या टांगून वाळवण्याचा मनोरा, एवढीच त्याची रचना, आणि ती रस्त्यावरून पाहणाऱ्याला लगेच उमगते. ढाणकीला दुसरा मार्ग शोभेल. साधेपणा मात्र विचारांती आलेला असावा, कारण या मातीत निष्काळजी साधेपणा महाग पडतो. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या बांधकामाला हलवते. म्हणून पाया या मातीसाठीच विकसित झालेल्या, तळाशी फुगीर असलेल्या खांबांवर, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलवर, किंवा तेवढ्याच भक्कम पद्धतीने घ्यावा लागतो. पाण्याने भरलेला बंब बारा ते सोळा टनांचा असतो. गाडीखालची फरशी आणि फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा तेवढ्या वजनासाठी काँक्रीटचा केला नाही, तर जुलैच्या एखाद्या रात्री गाडी स्वतःच्या दारातच चिखलात रुतेल.

आतल्या रचनेत एक गोष्ट भारतातील बहुतेक जुन्या केंद्रांत दुर्लक्षित राहिली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशमनाच्या व्यवसायात होणाऱ्या घातक द्रव्यांच्या संपर्काला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. आगीतून परतलेल्या जवानाच्या कपड्यांवर, हातमोज्यांवर आणि केसांत जी काजळी असते तिच्यात विषारी द्रव्ये असतात. म्हणून आगीहून आल्यावर कपडे उतरवण्याची, धुण्याची व अंघोळीची जागा गाडीच्या बाजूलाच असावी, आणि तेथून स्वच्छ होऊनच झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या खोलीत जाता यावे, असा क्रम नकाशातच बांधला पाहिजे. याला खर्च लागतो तो दोन भिंती आणि एका नळाचा. इमारत एकमजली असावी, म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला जिना उतरावा लागत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली विसावा मिळत नाही, तेव्हा छत जाड, व्हरांडा खोल आणि वारा आरपार जाणारा हवा. रात्रपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी ही चैन ठरत नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र विश्रांतीगृह व स्वच्छतागृह पहिल्या दिवसापासून असावे. देशातील पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिणी कान्हेकर यांनी नागपूरच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला तो २००२ साली. त्यानंतर बांधल्या जाणाऱ्या केंद्रात केवळ पुरुषांचा विचार असणे समर्थनीय नाही.

वर्षात मोजक्या आगी लागणार आणि उरलेल्या दिवसांत माणसे बसून राहणार, हा आक्षेप अशा प्रत्येक प्रस्तावावर घेतला जातो आणि तो वरवर पाहता वाजवी आहे. परंतु या परिसरात केंद्राचे काम आगीपुरते राहणार नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात एसटीची बस वाहून गेली आणि प्रवाशांचे प्राण गेले. २२ जुलै २०२३ रोजी शेजारच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला तेव्हा अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. दोर, लाइफ जॅकेट, फुगवता येणारी बोट आणि हे सर्व वापरू शकणारी दहा माणसे जवळ असणे म्हणजे काय, हे अशा दिवशी कळते. विहिरीत पडलेला माणूस, उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेला चालक, रस्त्यावरील अपघातात गाडीत अडकलेले प्रवासी, हीही याच केंद्राची कामे होत. बंबाने लग्नाला पाणी पुरवणे, रस्ते धुणे किंवा झाडांना पाणी घालणे ही मात्र त्याची कामे नव्हेत. गाडी टाकी रिकामी करून परतत असताना वर्दी आली, तर त्या दिवशी गावाला केंद्रच नसते.

वर्दी नसलेल्या दिवसांचे मुख्य काम प्रतिबंधाचे असावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ यानुसार ठराविक इमारतींच्या मालकांना किंवा भोगवटादारांना आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावे लागते. कागद सादर होतो. यंत्रणा चालते की नाही हे पाहणारा माणूस लहान गावात नसतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत दहा बालके दगावली, आणि जिल्ह्याच्या मुख्य रुग्णालयात जे घडले ते लहान गावातील दवाखान्यात, मंगल कार्यालयात किंवा वसतिगृहात घडणार नाही असे मानायला आधार नाही. वेचणीच्या हंगामात फायरमन जोडीने घरोघर जाऊन कापसाचा ढीग वायरपासून हात-दीड हात दूर सरकवायला लावतील, सिलिंडर दुसऱ्या खोलीत हलवायला सांगतील आणि जिनिंगमध्ये वाळूच्या बादल्या रिकाम्या तर नाहीत ना हे पाहतील, तर कितीतरी वर्द्या येणारच नाहीत. हे काम आकडेवारीत दिसत नाही म्हणून त्याची नोंद ठेवण्याची पद्धत केंद्रानेच घातली पाहिजे.

उरतो प्रश्न पैशाचा. बांधकाम आणि गाड्या यांसाठी निधीचे मार्ग आहेत : पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली, आणि जिल्हा वार्षिक योजनेतूनही तरतूद करता येते. पगार, डिझेल, नळ्यांची दुरुस्ती आणि स्वयंसेवकांचा भत्ता हा दरवर्षीचा खर्च मात्र कोणत्याही योजनेत सहज बसत नाही, आणि लहान गावांतील केंद्रे बंद पडतात ती येथेच. हा खर्च एकट्या ढाणकी नगरपंचायतीवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्या ग्रामपंचायती वीस मिनिटांच्या कक्षेत येतात त्यांनी लोकसंख्येच्या प्रमाणात वार्षिक वाटा द्यावा, जिल्हा परिषदेने तेवढीच भर घालावी, आणि त्या बदल्यात त्या गावांतील वर्दीसाठी कोणाकडूनही वेगळे शुल्क घेतले जाऊ नये. घर जळत असताना शुल्काचा विचार करायला लागणारा माणूस फोन उशिरा करतो.

या कक्षेत पैनगंगेपलीकडची काही गावेही येऊ शकतात. ती नांदेड जिल्ह्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर महसूल विभागात मोडतात, तर ढाणकी अमरावती विभागात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यानुसार दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आपापल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, तेव्हा परस्पर साहाय्याचा करार त्यांच्या सहीने होऊ शकतो. वर्दी कोणत्या क्रमांकावर घ्यायची, नदीला पूर असताना कोणता पूल वापरायचा आणि तो बंद असल्यास कोणाला कळवायचे, दोन गाड्या एकत्र आल्यास घटनास्थळी आज्ञा कोणाची चालेल, डिझेल आणि भत्ता कोण भरेल, आणि जवान जखमी झाल्यास उपचार कोणत्या जिल्ह्याने करायचे, एवढी कलमे त्यात असावीत. इमारतीच्या नकाशाबरोबरच हा मसुदाही दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांकडे गेला पाहिजे, कारण त्यातील पहिल्या कलमावरून केंद्राच्या नियंत्रण कक्षात किती दूरध्वनी आणि कोणती बिनतारी यंत्रणा बसवायची हे ठरणार आहे.